ब्रेकवरचा पाय

“तेल बंद,” ती मुलगी म्हणाली.

मला वाटलं, ती खाण्याच्या तेलाबद्दल बोलते आहे. म्हटलं, “आमच्याकडे तसंही कमीच असतं. फोडणीपुरतं.”

“ते नाही काकू. रात्री तुम्ही काकांच्या डोक्याला तेल चोळता ना, ते बंद. जायफळाचं दूध बंद. पाय चेपणं बंद. आणि सकाळी डोळे उघडल्याबरोबर ‘झोप लागली का’ म्हणून विचारणं तर अगदीच बंद.”

मी यांच्याकडे बघितलं. हे मान डोलवत होते. इतक्या वर्षांच्या संसारात माझ्या कुठल्या बोलण्यावर यांनी अशी मान डोलवल्याचं मला आठवत नाही.

मुलीचं नाव अनघा दातार. आमच्या सम्मेदच्या वयाची. सम्मेद म्हणजे आमचा मुलगा, पुण्याला नोकरी करतो. त्यानंच हिचा पत्ता शोधून दिला होता. सांगलीत विश्रामबागेत, एका चष्म्याच्या दुकानावर तिची खोली. झोप न येणाऱ्या माणसांना ती गोळ्या न देता झोपवते, असं तो म्हणाला. मी म्हटलं, गोळ्या न देता तर मीही झोपवते आहे की. तो फोनवर नुसता हसला.

यांचं दुखणं जुनं. हे म्हणजे सुकुमार मगदूम, ‘मगदूम मोटार ड्रायव्हिंग स्कूल’वाले. सांगलीतल्या अर्ध्या बायका यांच्याकडे गाडी शिकल्या. शिकवण्याच्या गाडीत दोन ब्रेक असतात, एक शिकणाऱ्याच्या पायाशी आणि एक डावीकडे मास्तरांच्या पायाशी. शिकणारी कितीही हुशार असो, मास्तरांचा पाय त्या ब्रेकवर टेकायचा नाही आणि तिथून हलायचाही नाही. नुसता वर धरून ठेवायचा. यांच्या उजव्या पायाची पोटरी त्यापायी दगडासारखी झाली होती.

त्या वर्षी दिवाळीनंतर माधवनगर रस्त्यावर एक कॉलेजची मुलगी गाडी चालवत होती आणि शेजारी बसल्या बसल्या यांचा डोळा लागला. मुलीनं गाडी नेऊन ठोकली ती थेट उसाच्या ट्रॉलीच्या मागं. कुणाला काही झालं नाही, तिचा चष्मा तेवढा फुटला. पण हे घरी आले, गाडीची किल्ली देवघरात नेऊन ठेवली आणि म्हणाले, “झोपणाऱ्यानं शिकवू नये.” क्लास बंद झाला. मिरजेत असाच क्लास चालवणाऱ्या खोतांनी लगेच निरोप धाडला की गाडी आणि क्लास दोन्ही आम्ही घेतो, गुढीपाडव्याला ताबा द्या. यांनी नाही म्हटलं नाही. पाडव्यापर्यंत झोप आली तर क्लास राहणार, नाहीतर आयुष्यभराची मास्तरकी खोतांच्या घरी जाणार, असा सगळा मामला होता.

“कधीपासून झोप येत नाही?” अनघानं पहिल्याच दिवशी विचारलं.

“झाली बरीच वर्षं,” हे म्हणाले.

“सासूबाई गेल्या तेव्हापासून,” मी सांगितलं. हे आपल्या बुटांकडे बघत राहिले.

तिचं म्हणणं सोपं होतं. “माझ्या खोलीत कुणालाच झोप लागत नाही काका, ती घरी लागते. म्हणून दोन भेटींच्या मधला सराव महत्त्वाचा.” यांना ते एकदम पटलं. घरी येताना रिक्षात मला म्हणाले, “बरोबर बोलली बघ. गाडीसुद्धा क्लासमध्ये येत नाही कुणाला. मधे सराव केला तरच येते.” ‘बोलली बघ.’ म्हणजे एका भेटीत ती मुलगी बोलणारी झाली आणि मी ऐकणारी.

सरावही साधाच. रोज ठरल्या वेळेला उठायचं, रात्र कशीही गेलेली असो. दुपारी आडवं व्हायचं नाही. अंथरूण फक्त झोपेसाठी. झोप येईना तर तळमळत पडायचं नाही, उठून बाहेरच्या खोलीत बसायचं आणि डोळे मिटायला लागले की परत यायचं. आणि रोज संध्याकाळी अर्धा तास काळजी करायची. होय, मुद्दाम बसून. दिवसाउजेडी काळजी उरकली की ती रात्री अंथरुणात येत नाही म्हणे.

हा माणूस घरात कुणाच्या बापाचं ऐकणारा नव्हे. गोड कमी खा म्हटलं तर पेढा उचलायचा, मफलर घाला म्हटलं तर शर्टाची गुंडी सोडायचा. तो आता शाळकरी पोरासारखा गृहपाठ करायला लागला. ‘अनघा म्हणाली, चहा चारनंतर नको.’ ‘अनघा म्हणाली, घड्याळ भिंतीकडे तोंड करून ठेव.’ शनिवारी तिच्याकडे जायचं असायचं, तर शुक्रवारीच निळा शर्ट इस्त्री करून खुंटीला. तो शर्ट पुतण्याच्या लग्नासाठी मी घेतला होता आणि लग्नात ‘फार भडक आहे’ म्हणून यांनी अंगाला लावला नव्हता.

मला राग येत होता आणि नुसता राग नव्हता. माझ्या पोटात दुखत होतं, सरळ सांगते. आमच्याकडे सासूबाई सूर्यास्तानंतर पाण्याचा थेंब घेत नसत, पण त्या गेल्यावर यांच्या जायफळाच्या दुधापुरता मी तो नियमसुद्धा मोडला होता. ते दूध मी आटवायचे. टाळूवर तेल जिरेपर्यंत हे डोळे मिटून माझ्या पुढ्यात बसायचे. दिवसभर अर्ध्या शहराचे मास्तर असलेला माणूस तेवढा वेळ फक्त माझा असायचा. मग आम्ही दोघं जागे. कधी कुणाच्या लग्नाची उजळणी, कधी पत्ते, कधी नुसतंच. मधेच उठून हे मागच्या दाराची कडी बघून यायचे, एकदा नाही, चार-चारदा. मी चिडवायचे, “चोर आला तर काय नेईल? तुमची ती बक्षिसाची ढालच ना, तीही कान तुटलेली?” हे हसायचे आणि पुन्हा आपल्या जागी, माझ्या डावीकडे, दाराच्या बाजूला येऊन पडायचे. बाकीच्या बायकांना नवऱ्याचा दिवस मिळत असेल, मला रात्र मिळाली होती. आणि ती या दातारबाईंनी चार वाक्यांत काढून घेतली.

काळजी करायला यांनी जागा निवडली ती गाडी. अंगणात झाकून ठेवलेल्या गाडीचं कव्हर काढायचं, डावीकडच्या मास्तरांच्या सीटवर बसायचं, काच वर करायची. स्वयंपाकघराच्या खिडकीतून मला दिसायचं, यांचे ओठ हलताहेत. गाडीशी बोलत होते! एके दिवशी मी कोकमाचं सरबत घेऊन गेले आणि काचेवर टकटक केलं. यांनी काच चार बोटं खाली केली.

“आत्ता नको. वेळ संपू दे.”

“काय एवढं बोलता आत बसून?”

“काळजी करतोय.”

“कसली?”

“असते एकेकाची.”

“मला सांगा की मग. मी काय परकी आहे?”

“अनघा म्हणाली, हा वेळ एकट्याचा.” आणि काच वर.

मी ते सरबत तुळशीत ओतलं. दुसऱ्या दिवशी यांच्या चहात चांगलं अर्धं जायफळ किसून घातलं. यांनी एक घोट घेतला, माझ्याकडे बघितलं, सगळा कप संपवला. मला वाटलं, जिंकले. शनिवारी हे तिकडे जाऊन आले ते निरोप घेऊनच. “पुढच्या वेळी तूही ये म्हणाली. तुझ्यासाठीही सराव आहे.”

“तुम्ही चहाचं सांगितलंत तिला?”

“विचारलं तिनं. खोटं कशाला बोलू?”

“माझ्याशी बोलताना बरं एवढं खरं आठवत नाही!”

मी गेले. चांगली इरकल नेसून गेले, तीही बघू दे म्हटलं. अनघानं पाणी दिलं, जायफळाचा विषयसुद्धा काढला नाही. त्याचाही मला राग आला.

“काकू, तुम्ही कधी झोपता?”

“यांना झोप लागली की.”

“आणि नाही लागली तर?”

“तर मीही नाही,” मी सांगितलं. आवाजात तोरा आला असेल, पण तो कमावलेला होता.

“तुम्हाला स्वतःला झोपेचा त्रास कधी झाला होता?”

“मला? छे. सम्मेदच्या पाठीवर मुलगी झाली होती, ती बारशाच्या आधीच गेली. तेव्हा झाला असेल थोडे दिवस. त्या वर्षाचं मला फारसं आठवतही नाही. पण सावरले मी लवकर, सगळे म्हणायचे.”

हे खोकले. अनघानं यांच्याकडे पाहिलं, यांनी तिच्याकडे. नवरा-बायकोत व्हावी तशी नजरानजर झाली आणि मी मधे इरकल नेसून बसलेली.

“मग तुमचा सराव सोपा आहे,” ती म्हणाली. “यांच्या आधी तुम्ही झोपायचं. हे जागे असोत की झोपलेले, तुम्ही बघायचं नाही. दिवा घालवायचा आणि झोपायचं.”

“आणि यांना काही लागलं तर?”

“घेतील ते. तुम्ही झोपा.”

रिक्षात बसेपर्यंत मी धीर धरला. “झोप येत नाही यांना आणि झोपायला मला सांगते! कोण लागून गेली ती? उद्या म्हणेल, भूक यांना लागली आहे, तुम्ही जेवा.”

“करून तर बघ, शैलजा,” हे म्हणाले. “पाडवा आलाय.”

हे मला नावानं हाक मारत नाहीत सहसा. 

केलं मी. म्हणजे दिवा घालवला आणि पडले. पण शेजारी माणूस जागं असताना झोपायचं कसं, हे मला येतच नव्हतं. मी अंधारात डोळे उघडे ठेवून पडायचे आणि शेजारी हेही. हे उठून बाहेर जाऊन बसत, परत येत. मागची कडी वाजवून बघत. सराव मोडू नये म्हणून दोघंही गप्प. पूर्वी निदान बोलत तरी होतो. रोज सकाळी यांचा चेहरा ओढलेला आणि मला ‘झोप लागली का’ म्हणून विचारायचीसुद्धा सोय नाही. तेवढ्यात खोत येऊन गाडी बघून गेले. टायर दाबून बघितले, मास्तरांच्या सीटवर बसून बघितलं. हे अंगणात हात मागं बांधून उभे होते. त्या दिवशी काळजी करायला गाडीत बसले ते जेवायची वेळ झाली तरी उतरले नाहीत.

मग मी ठरवलं की त्या मुलीचा खोटेपणा एकदा पुराव्यानिशी दाखवायचा. झोपेचं सोंग घ्यायचं. मी झोपले असं समजूनही हे जागेच राहणार, आणि शनिवारी मी तिच्या तोंडावर सांगणार, झाला तुमचा सराव.

त्या रात्री जेवणं आटोपली तशी मी दिवा घालवला, भिंतीकडे तोंड केलं. श्वास हळू केला, मधे एकदा बारीकशी घोरलेसुद्धा. थोड्या वेळानं हे माझ्यावर वाकल्याचं कळलं. यांनी माझ्या नाकापुढं हाताचा तळवा धरला. बराच वेळ धरला. मग उठले, मागच्या दाराची कडी बघितली, एकदाच. परत आले, डावीकडे पडले. आणि मी अजून सोंग नीट करावं की नाही या विचारात असताना शेजारून घोरणं ऐकू आलं. खरंखुरं, ट्रॅक्टर चालू झाल्यासारखं.

मला आनंद व्हायला हवा होता ना? झाला नाही. माझ्या अंगाची आग आग झाली. म्हणजे माझ्या तेलानं नाही, दुधानं नाही, माझ्या जागण्यानं नाही, तर मी मेल्यासारखी पडून राहिले की या माणसाला झोप येते! आजवर मीच काय ती आडवी आले होते? त्या पोरीला हे पहिल्या दिवशी कळलं आणि मला उभ्या जन्मात कळलं नाही? मी ताडकन उठून बसले. यांना गदागदा हलवून विचारणार होते.

माझ्या हातातल्या बांगड्या वाजल्या, तेवढंच. यांचा उजवा पाय पांघरुणातून सटकन पुढं गेला आणि गादीवर जोरानं दाबला गेला. डोळे अजून मिटलेलेच होते. हातानं माझं मनगट धरलं होतं.

“कुठं निघालीस?” यांनी विचारलं.

“कुठं नाही,” मी म्हटलं. “इथंच आहे.”

“बस खाली. पायात चप्पल नाही तुझ्या.”

आणि हात सैल पडला. मी तशीच बसून राहिले. मला निघायचं नव्हतं कुठंच. मी तर भांडायला उठले होते.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी काळजीच्या वेळेला हे गाडीत बसले. मी सरबत वगैरे काही न घेता गेले आणि उजवीकडचं दार उघडून स्टिअरिंगमागं बसले. त्या सीटवर मी तोवर कधी बसले नव्हते. अर्ध्या सांगलीला शिकवलं, पण मला शिकवायचा विषय निघाला की यांचं आपलं ‘बघू पुढं’. त्याचाही एक जुना राग मी सांभाळून ठेवलेला होता.

“हा वेळ एकट्याचा आहे,” हे म्हणाले.

“असू दे. मी अनवाणी कुठं निघाले होते?”

हे समोरच्या काचेकडे बघत राहिले. कढीपत्त्याच्या झाडावर चिमण्यांचा गोंधळ चालला होता.

“कोण बोललं तुला?”

“तुम्हीच. झोपेत.”

“मग राहू दे की आता.”

“सांगा. नाहीतर आज मी उतरत नाही.”

यांनी सांगितलं. थांबत थांबत, माझ्याकडे न बघता. मुलगी गेल्यानंतर मी झोपत नव्हते म्हणे. दिवसा स्वयंपाक करायचे, सम्मेदला भरवायचे, आल्या-गेल्याशी हसून बोलायचे. लोक म्हणायचे, सावरली. एका रात्री यांना जाग आली तर मागचं दार उघडं. मी घाटावर सापडले, पायऱ्या उतरून पाण्यात, गुडघ्याएवढ्या. यांनी विचारलं, कुठं निघालीस? मी म्हटलं, तिला दूध पाजायची वेळ झाली. यांनी मला घरी आणलं, पाय पुसले, निजवलं. सकाळी मी नेहमीसारखी चहाला उठले. मला त्यातलं काही आठवत नव्हतं.

आणि खरंच, मला आजही आठवत नाही.

“आईलासुद्धा बोललो नाही,” हे म्हणाले. “ती त्यानंतर गेली. मग तू सगळ्यांना सांगायला लागलीस, आई गेल्यापासून यांना झोप नाही. म्हटलं, बरंच आहे.”

“एवढी वर्षं?”

“पहिली दोन-तीन वर्षं मुद्दाम जागायचो. तू झोपलीस की मग पडायचं. पुढं पुढं तूच माझ्यासाठी जागायला लागलीस. तू जागी म्हटल्यावर मी कसा झोपणार?”

 मी यांच्यासाठी जागत होते आणि हे माझ्यासाठी. दोघांनी एकमेकांना तेवढी वर्षं झोपू दिलं नव्हतं.

मग मला विचारावंसं वाटलं ते भलतंच. “हे तुम्ही तिला सांगितलंत? त्या अनघाला? माझ्याआधी?”

“सांगितलं.”

“का?”

“ती रडणार नव्हती,” हे म्हणाले. मी रडत होते.

थोड्या वेळानं डोळे पुसले आणि खाली बघितलं. गाडी बंद, किल्ली देवघरात, आणि यांचा उजवा पाय ब्रेकच्या वर अधांतरी धरलेला.

“तो पाय काढा तिथून,” मी म्हटलं.

“सवय आहे गं.”

“काढा. मी कुठंही जात नाही आहे. आणि जायचंच असलं तर गाडी शिकून जाईन. चप्पल घालून.”

हे हसले. पाय काढायला मात्र यांना वेळ लागला.

त्या रात्री मी सोंग केलं नाही. दिवा घालवला, यांना म्हटलं, “मी झोपते हं,” आणि झोपले. एका रात्रीत सगळं झालं असं नाही. कडी अजून वाजायची, मीही मधेच दचकून उठायचे. अनघाकडे आम्ही उन्हाळा संपेपर्यंत जात होतो. पण पाडव्याला खोत पेढे घेऊन आले तेव्हा हे अंगणात गाडीला झेंडूची माळ बांधत होते. “गाडी देणार नाही,” म्हणाले. “घरातलीच एक विद्यार्थिनी आहे. जरा अवघड आहे, वेळ लागेल.”

लागला. माझ्याइतका ओरडा यांचा कुणी खाल्ला नसेल आणि यांना माझ्याइतकं उलटून कुणी बोललं नसेल. परवाना मिळाला तेव्हा दुसरी दिवाळी आली होती. त्यानंतरच्या एका दुपारी आम्ही नृसिंहवाडीहून येत होतो. गाडी माझ्या हातात, हे डावीकडे. दोन्ही बाजूंना ऊस. मी काहीतरी सांगत होते, बहुतेक जावेबद्दल, आणि बराच वेळ पलीकडून हुंकार आला नाही म्हणून बघितलं.

हे झोपले होते. मान खिडकीला टेकलेली, तोंड किंचित उघडं. दोन्ही पाय मागं ओढून सीटखाली घेतलेले.

समोर उसाची ट्रॉली चालली होती. मी वेग कमी केला, हॉर्न वाजवला नाही, तिच्या मागं मागं जात राहिले. सांगलीचा फाटा आला, तो तसाच जाऊ दिला.

पुढच्या आठवड्यात सम्मेदचा फोन आला. अनघा विचारत होती म्हणाला, काका-काकू कसे आहेत, झोप कशी आहे. मी सांगितलं, बरी आहे. गाडीतल्या झोपेचं बोलले नाही. ती माझी होती, त्या पोरीला कशाला सांगायची?